मूठभर गहू

परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी चक्की होती. तिच्यावर हिंदीत पाटी होती, 'यहाँ गेहूँ नहीं पिसा जाता'. माळवा म्हणजे गव्हाचा मुलूख. अशा मुलखात, त्यातून इंदुरात, गहू न दळणारी चक्की काढणाऱ्याचं डोकं फिरलेलं असणार, असं नव्या माणसाला वाटायचं. पाटी वाचून लोक थांबायचे, हसायचे आणि गव्हाचा डबा उचलून पुढे जायचे. ती पाटी का लागली, ते जुन्या माणसांना माहीत होतं. आता त्यातली मीच बोलकी उरले आहे, म्हणून सांगते.

चक्की जयसिंगरावांची. प्रेमवहिनी म्हणजे प्रेमलता, त्यांच्या पत्नी आणि माझ्या अगदी समोरच्या शेजारीण. मी शाळेत शिकवायचे. जयसिंगराव मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती, ते मला कधी कळलं नाही.

प्रेमवहिनींची मोठी ओळख म्हणजे त्यांचं खाणं. लोक पोटासाठी खातात, वहिनी मनापासून खायच्या. रविवारी त्यांच्या मागच्या अंगणात बाफले व्हायचे. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यातून काढायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि शेवटी तुपात बुडवायचे. वासावर अर्धी गल्ली गोळा व्हायची आणि वहिनी कोणाला रिकाम्या पोटी परत पाठवायच्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत यजमान त्यांना मुद्दाम मधोमध बसवत. त्या एवढ्या आनंदाने जेवायच्या, की त्यांच्याकडे बघून आजूबाजूच्या बुजऱ्या पाहुण्यांनाही भूक लागायची. वाढपी एकदा पुढे जाऊन पुन्हा त्यांच्यापाशी वळायचा आणि त्या म्हणायच्या, "अजून एक." नको म्हणणं त्यांना यायचंच नाही.

जयसिंगरावांचं तसं नव्हतं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. तलवार गेली, घोडा गेला, तोरा तेवढा वंशात टिकून राहिला. मिशांना पीळ आणि सदऱ्याला इस्त्री असल्याशिवाय ते ओट्यावरही यायचे नाहीत. मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर होते, म्हणजे ओळीने चालणाऱ्या लूमवर त्यांची देखरेख असायची. तिथे राबायचे, पण घरी आल्यावर पाण्याचा पेला कधी स्वतःच्या हाताने घेतला नाही.

ब्याण्णव साली मिल बंद पडली. सकाळचा भोंगा थांबला आणि आमच्या भागातल्या बाप्यांना दिवसाचं काय करायचं ते कळेना. बाजारात रंगीत टीव्ही आले, गल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या, कुठलीकुठली पाकिटबंद बिस्किटं आली, आणि ते सगळं बघायला आमच्याकडे रिकामी माणसं मुबलक होती. जयसिंगराव रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसत आणि वर्तमानपत्र वाचत. ते किती वेळा वाचून व्हायचं, कोणी विचारायचं धाडस केलं नाही.

त्याच सुमारास वहिनी वाळायला लागल्या. पोट फुगायचं, दुखायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. लुगड्याच्या निऱ्या आठवड्याआठवड्याला वाढत गेल्या. सगळ्यांनी एकच निदान केलं, की हा मिलचा घोर आहे. नवऱ्याची नोकरी गेली, बाईने काळजी खाल्ली.

"सरले," वहिनी मला म्हणाल्या, "मिल बंद पडली यांची. माझ्या पोटाने कशाला हड़ताल करायची?"

आमच्याकडे आजारी माणसाला थुली देतात, म्हणजे गव्हाचा दलिया. हलका, पौष्टिक. गल्लीतल्या प्रत्येक घरातून थुलीची वाटी यायला लागली. कोणी तूप घालून, कोणी दूध घालून. वहिनी कोणाचं मन मोडायच्या नाहीत. थुली जेवढी वाढली, तेवढ्या त्या खालावल्या.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचं इंग्रजी कळायला बरी म्हणून मलाही नेलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच दिल्लीहून शिकून आलेले. त्यांनी घशातून नळी घालून आतड्याचा कण तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला सगळं समजावून सांगितलं. ज्याच्यामुळे कणीक ताणली जाते, ते गव्हातलं चिकट सत्त्व, त्याला ग्लूटेन म्हणतात. ते वहिनींच्या आतड्याला चालत नव्हतं. आतून आतडं सोलवटून निघालं होतं.

"गेहूँ बंद," डॉक्टर म्हणाले. "मैदा, रवा, दलिया, जौ, सब बंद. ज़िंदगीभर. ज्वार, मक्का, चावल खाइए. सांभाळलंत तर पूर्ण बऱ्या व्हाल. नाही सांभाळलं तर पुढचं माझ्या हातात नाही."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पिंड तर भाताचे असतात ना? म्हणजे मेल्यावर तरी माझं जेवण सुरू राहील."

डॉक्टर हसले. परतताना टेम्पोत मात्र वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. जयसिंगराव समोर बसून मिशा कुरवाळत होते. "गहू नाही म्हणजे," ते कोणाला तरी विचारावं तसं म्हणाले, "माणूस मग खातं काय?"

घरातला गहू वेगळ्या कोठीत गेला. वहिनींसाठी ज्वारीची भाकरी, भात, मक्याची राब म्हणजे पातळ पेज सुरू झाली. त्यांची मुलगी रुपाली तेव्हा कॉलेजात होती. ती आईसाठी ज्वारी निवडायची आणि मालोजींच्या चक्कीवरून दळून आणायची. पहिल्या काही आठवड्यांत वहिनींच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली. आम्ही सुटलो असं वाटलं. आणि मग गाडी तिथेच अडली. पुन्हा पोट, पुन्हा अशक्तपणा, पुन्हा निऱ्या वाढल्या.

डॉक्टरांनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि जयसिंगरावांच्या देखत विचारलं, "चोरी-छुपे कुछ खाती हैं क्या?"

वहिनी नाही म्हणाल्या. पण त्यांची खाण्याची कीर्ती अशी, की त्यांच्या 'नाही'वर विश्वास कोण ठेवणार? जयसिंगरावांनी गव्हाच्या कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली. भाकरी खाताना ते समोर बसून बघायचे. वहिनी समोरच्या दुकानात गेल्या, की हे ओट्यावरून मान उंच करायचे. त्यांना पहारा करायला काम मिळालं होतं आणि फौजेतलं रक्त जागं झालं होतं. मला इतका राग यायचा, की एकदा मी भांडणारच होते. वहिनींनीच मला अडवलं.

"सरले," त्या म्हणाल्या, "मला खाण्याची हौस होती. चोरी कधी नव्हती."

त्या हिवाळ्यात नात्यात दोन लग्नं झाली. वहिनी एकाही पंगतीला गेल्या नाहीत. गल्लीतून बँड गेला, तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली. ज्या बाईवाचून पंगत रंगायची नाही, ती अंधाऱ्या खोलीत पडून होती, आणि कदाचित ती यातून उठणार नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो. 

मग रुपालीची परीक्षा आली. ज्वारी दळून आणायला घरात दुसरं कोणी नव्हतं. सरदारांच्या पणतवाला डोक्यावर डबा घेऊन चक्कीवर जाणं शोभेना, म्हणून जयसिंगरावांनी डबा टॉवेलखाली झाकून काखेत मारला आणि दुपारी, रस्ता सुना बघून, निघाले.

मालोजी भला माणूस. जयसिंगरावांना बघून ते पिठाच्या धुरळ्यातून पुढे आले. "अरे भिया, आप खुद? रखो इधर. भाभीजींचं ना? लगेच करतो."

चक्कीवर आधीच्याचं बेसन निघालं होतं. मालोजींनी पोत्यातून दोन्ही हातांनी गहू घेतले, वरच्या तोंडात टाकले, चक्की फिरवली आणि आलेलं पीठ बाजूच्या टोपलीत जमा केलं. मग पुन्हा ओंजळ भरून गहू टाकले.

"हे काय करता?" जयसिंगरावांनी विचारलं.

"साफ करतो भिया. दगडात आधीच्याचं काहीबाही राहतं ना. मूठभर गहू फिरवला, की चक्की एकदम चोखी. बाकीच्यांना एकदा फिरवतो." मालोजी जरा जवळ सरकले. "भाभीजींची तबियत नाजूक आहे हे कळलं, तेव्हापासून त्यांच्या ज्वारीआधी दोनदा फिरवतो. रुपाली बिटियाला विचारा."

आमच्याकडच्या सगळ्या चक्क्या अशाच साफ होतात. बेसन झालं, गहू टाका. मक्का झाला, गहू टाका. गव्हाहून चोख काही असतं, हे आमच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. मालोजी बापडे मायेपोटी वहिनींना दरवेळी ताजं गव्हाचं पीठ चारत होते. दगडाच्या खाचांत अडकलेलं ते पीठ ज्वारीबरोबर बाहेर यायचं आणि वहिनींच्या भाकरीत जायचं.

जयसिंगराव मालोजींवर चिडले नाहीत. कोणावर चिडणार? दळलेला डबा घेऊन निघाले, वाटेत गायीपुढे सगळं पीठ ओतलं आणि घरी आले. मी वहिनींपाशीच बसले होते. त्यांनी खिशातून कोठीची किल्ली काढली आणि वहिनींच्या हातात ठेवली.

"मी तुला चोर समजलो," ते म्हणाले. "माफ कर मला."

आणि मग चक्कीवरचं सगळं सांगितलं. त्यांना कोणाची माफी मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं. वहिनींनी किल्ली मुठीत धरली. मग विचारलं, "मालोजीला काही बोलला नाहीत ना? उगाच मनाला लावून घेईल."

मी घरी येऊन दार लावलं आणि पोटभर रडले. आनंदानेच. कारण वहिनी आता वाचणार, हे मला त्या क्षणी कळलं होतं.

पण पीठ आणायचं कुठून? गावात ज्या चक्कीवर जावं, तिथे गहू. गल्लीतून कळलं तसे मालोजी हात जोडून आले, म्हणाले, सकाळची पहिली ज्वारी तुमची. पण दगड तोच. तेव्हा वहिनींना त्यांच्या सासूबाईंचं जातं आठवलं. ते अंगणात तुळशीखाली होतं आणि त्याच्या वरच्या पाळीवर सदाफुलीची कुंडी ठेवलेली होती. जयसिंगरावांनी कुंडी उतरवली, जातं घासून धुतलं आणि फिरतीवर येणाऱ्या टाकारणीला हाक मारली. तिने दोन्ही पाळ्यांना अशी टाकी लावली, की जुना थर सगळा खरवडून गेला आणि आतून नवा काळा दगड निघाला. वर ओलं फडकं फिरवलं, उन्हात वाळवलं, आणि घरात पहिल्यांदा असा एक दगड झाला, ज्याला गहू ठाऊक नव्हता.

वहिनींच्या हातात जातं ओढायची ताकद नव्हती. रुपालीचे पेपर चालू होते. मी शाळेत. राहिलं कोण?

दार लावून, खिडकी लावून, जयसिंगराव जात्याशी बसले. पण जात्याचा आवाज कोंडत नाही. घरघर सगळ्या गल्लीला ऐकू आली, शाळेतून परतलेल्या मलाही. आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, लढाईला निघालात का? सावकाश. मूठ टाका, फिरवा, मग पुन्हा मूठ."

ते दम लागेपर्यंत ओढत होते आणि पीठ रव्यासारखं निघत होतं. ओव्या म्हटल्याशिवाय जात्याचा ठेका धरता येत नाही, असं वहिनींनी सांगितलं. ओव्या यांना कुठल्या? गणपतीची आरती येत होती, ती सुरू केली. आरतीची चाल जलद, जातं आणखीच पळायला लागलं. मग वहिनी खाटेवरून उठून भिंतीला टेकून बसल्या आणि क्षीण आवाजात, पण सुरात, स्वतः जुळवून म्हणाल्या:

पहिली माझी ओवी, माझ्या मिशाळ धन्याला
मिल सुटली हातची, हात लागे खुंट्याला

त्यानंतर त्या घरात जे हसू फुटलं, ते मी आजही ऐकू शकते. वहिनी हसत होत्या, पोट धरून, दुखतंय म्हणून नव्हे. जयसिंगरावही हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवलं.

गल्लीने टोमणे मारायचे ते मारलेच. कोपऱ्यावरचा शाम म्हणाला, "जयसिंगरावजी, बांगड्या आणू का?" यांनी पिठाच्या बोटांनी मिशीला पीळ दिला. मिशी पांढरी झाली. "आण की," ते म्हणाले, "आणि दळायला तूही ये. तुझी मिल अजून चालू आहे का?" शाम त्याच खात्यातला, तो पुढच्या आठवड्यात खरंच ज्वारी निवडून द्यायला आला.

एकदा कामाला लागले की जयसिंगराव ऐकणारे नव्हते. कोणीतरी सांगितलं, की बाजारच्या हिंगात मैदा मिसळतात. झालं, त्यांनी घरातली हिंगाची डबी बाहेर काढली आणि शहरातल्या अर्ध्या किराणेवाल्यांची झडती घेतली. एक दुकानदार मला हात जोडून म्हणाला, "मॅडम, इनको समझाओ, सुबह से मेरी हिंग सूँघ रहे हैं." मी समजावलं नाही. मला फार मजा येत होती.

पावसाळा सरता सरता वहिनींचे गाल भरले. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्या माझा हात धरून सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, आल्या आणि उभ्या उभ्या भुट्ट्याचा कीस खाल्ला. कढईत काय पडतं, त्याची चौकशी जयसिंगरावांनी आधीच येऊन केली होती. पहिल्या घासाला वहिनींचे डोळे मिटले. माझी जुनी शेजारीण परत आली होती. पुढे डॉक्टर असेच रोगी यांच्याकडे पाठवायला लागले. जवळच्या राऊ गावाहून एक आई आपली काडीसारखी पोर घेऊन यायची. जयसिंगराव त्यांच्यासाठीही जात्यावर दळायचे; गल्लीच्या तोंडाशी ती पाटीवाली चक्की निघाली ती अशाच रोग्यांसाठी, पण रुपालीच्या लग्नानंतर. सकाळी सदऱ्याच्या बाह्या वर करून जात्याकडे निघालेल्या त्या माणसाला, मिल सुटल्यापासून पहिल्यांदा, कामाला जायची घाई झालेली दिसायची.

अठ्ठ्याण्णव साली रुपालीचं लग्न ठरलं. जयसिंगरावांची थोरली बहीण, अंबिकाआक्का, देवासहून चार दिवस आधी आल्या. नऊवारी, मोठं कुंकू, आणि रीतभातीत जराही सूट नाही. लग्नाआधी घाणा भरायचा असतो. जात्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, सुवासिनी मुहूर्ताचे गहू दळतात, मग हळद. आक्कांनी पाट मांडले, बायका जमल्या, आणि सुपात गहू घेऊन त्यांनी विचारलं, "जातं कुठाय?"

जातं होतं तेच. घरात दुसरं नव्हतं.

सगळ्या जणी प्रेमवहिनींकडे बघायला लागल्या. लेकीच्या लग्नात त्या काय बोलणार? त्या हळूच म्हणाल्या, "असू दे. पुन्हा टाकी लावून घेऊ."

"तेच म्हणते मी," आक्का म्हणाल्या. "मूठभर गहू पडला तर काय होतं?"

जयसिंगराव दारात उभे होते. पाहुण्यांसाठी फेटा बांधून तयार झालेले. ते आत आले. बायकांच्या त्या कामात पुरुषाने येऊ नये, पण आले.

"आक्का," ते म्हणाले, "मूठभरच पडत होता."

त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि जात्याच्या तोंडावर ठेवला. 'पणजोबांच्या वेळेपासून आमच्या घराने हा कोणापुढे उतरवला नाही', असं तेच आम्हाला ऐकवायचे.  भावाचा फेटा उचलून बाजूला ठेवायचा आणि आत गहू टाकायचे, ते बळ अंबिकाआक्कांच्या हातात नव्हतं. त्या सुपाकडे बघत राहिल्या, मग वहिनींकडे. भरलेले गाल, अंगावरची पैठणी, निऱ्या जागच्या जागी. चार वर्षांपूर्वी आक्का याच वहिनीला शेवटचं बघून जाते म्हणून येऊन गेल्या होत्या.

"आणा गं ती ज्वारी," त्या म्हणाल्या. "आणि डोक्यावर घाल तो फेटा, बरं दिसत नाही. जातं मात्र तूच ओढ माझ्याबरोबर. माझे खांदे गेले आता."

म्हणून आमच्या गल्लीत मुहूर्ताचा घाणा ज्वारीचा भरला गेला, आणि खुंट्याला बांगड्यांच्या हातांबरोबर एक मनगट घड्याळाचं होतं. बायकांनी वहिनींना नाव घ्यायचा आग्रह केला. त्यांनी एका दमात घेतलं:

जात्याभोवती सांडलं शुभ्र ज्वारीचं पीठ
जयसिंगराव दळायला बसले, संसार झाला नीट

लग्नाची पंगतही जयसिंगरावांनीच ठरवली होती. व्याह्यांना आधी जाऊन सांगून आले, की जेवणात गव्हाचा कण नसेल, राग नको. दाळीबरोबर मक्याचे पानिये होते, रुईच्या पानांत दाबून निखाऱ्यावर भाजलेले. भात, कढी, भुट्ट्याचा कीस आणि मुगाचा हलवा. व्याही मंडळी आधी जरा साशंक बसली. मग पानियांवर तूप पडलं आणि बोलणं थांबलं.

प्रेमवहिनी वधूची आई, त्यांनी शेवटी जेवायचं. पण व्याह्यांच्या पंगतीतच एक पाट मधोमध रिकामा ठेवला होता आणि तिथे त्यांना हाताला धरून अंबिकाआक्कांनी बसवलं. कित्येक वर्षांनी त्या पंगतीत बसल्या. त्यांच्यासाठी वेगळं ताट नव्हतं, झाकलेला डबा नव्हता. शेजारणीच्या पत्रावळीवर जे होतं, तेच त्यांच्याही. त्यांनी पत्रावळीवरून हळूच हात फिरवला आणि पहिला घास घेतला.

वाढायला जयसिंगराव स्वतः फिरत होते, फेटा घालून, हातात पानियांची परात. वहिनींपाशी आले, वाढलं, पुढे गेले. मी समोरच्या ओळीत होते, मला दिसत होतं. दोन पानं पुढे जाऊन ते थांबले आणि मागे वळून बघायला लागले. पंगत जेवत होती. ते उभेच.

वहिनींनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून एक."